कस्तुराबाईचा रिकामा फ्लेक्स

वडिवळ्याच्या फाट्यावर कस्तुराबाईचा फ्लेक्स लागला त्या सकाळी ती खळ्यावर पेंढ्याची उडवी रचत होती. अंगानं ठणठणीत होती, आवाज पार बांधापर्यंत जात होता आणि चहात साखर कमी पडली म्हणून सुनेची एकदा झाडाझडतीही घेऊन झाली होती. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून एखाद्याला वाटायचं की बाईचं काही खरं नव्हतं.

पहिला आला तो खालच्या आळीचा मारुती. टोपी काढून हातात धरलेली, तोंड पाडलेलं. खळ्याच्या कडेला उभा राहून त्यानं कस्तुराबाईच्या लेकाला हळूच हाक मारली, "हनुमंता... ए हनुमंता..."

"हनमा कामशेतला गेलाय," उडवीच्या टोकावरून कस्तुराबाई ओरडली. "काय काम काढलंस सकाळी सकाळी?"

मारुतीनं वर बघितलं. टोपी डोक्यावर घातली. परत काढली. मग त्याला टोपीचं काय करावं तेच कळेना.

"काकी, तुमी बऱ्या हाय ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"न्हाई, तसं न्हाई..." असं म्हणत मारुती उलट्या पावलानं मागं सरकला, बांधाला अडखळला आणि जो गेला तो वळून न बघता गेला. कस्तुराबाईनं मनाशी म्हटलं, सकाळीच लावून आलाय मेला.

मग दोन बायका आल्या, डोक्यावरून पदर ओढून. त्यांच्या मागोमाग शाळेचे शिपाई आले. प्रत्येकानं तिला बघितलं, प्रत्येकाचं तोंड उघडं राहिलं, आणि का आलात म्हणून विचारलं तर एकालाही धड सांगता येईना. एकीनं तर "तांदूळ दळून मिळतील का" असं विचारलं. कस्तुराबाईच्या घरात गिरणी कधीच नव्हती.

दहा वाजायच्या सुमाराला शिरगावची तिची धाकटी बहीण हौसाबाई रिक्षातून उतरली आणि उतरतानाच तिनं गळा काढला. "माजी आक्का गं! न भेटताच गेलीस गं आक्का!" सगळी आळी गोळा झाली. कस्तुराबाई उडवीवरून खाली उतरली, हातातला पेंढा टाकला आणि बहिणीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

हौसाबाईनं डोळे पुसले, बघितलं, आणि बहिणीच्या दंडावर अशी थाप मारली की लांबपर्यंत ऐकू गेली.

"जित्ती हायेस की गं!"

"तुला पोचवल्याबिगर मी कशी जाईन?"

"अगं, रिक्षाला दुप्पट पैसं मोजून आले मी! रडून रडून घसा बसला!"

"मग आता पानी पी. आनि कुनी सांगितलं तुला मी गेले म्हनून?"

सांगितलं होतं फोननं. हौसाबाईच्या नातवाच्या मोबाईलवर फाट्यावरच्या फ्लेक्समधला कस्तुराबाईचा फोटो आला होता आणि फोटोखाली निम्म्या मावळानं हात जोडून भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली होती.

तेवढ्यात प्रितम आला. कस्तुराबाई सरपंचपदाला उभी होती आणि तिच्या विरोधात सारिका उभी होती. प्रितम म्हणजे सारिकेचा नवरा. गर्दीत त्याला कस्तुराबाई दिसली नाही. कामशेतहून तेवढ्यात पोचलेल्या हनुमंताला त्यानं बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, आणि शोकाच्या आवाजात विचारलं, "लय वाईट झालं भाऊ. आता आपलं इलेक्शनचं कसं? रद्द व्हतंय का बिनविरोध धरायचं?"

"रद्द न्हाई नि बिनविरोध न्हाई," मागून कस्तुराबाई म्हणाली. "तुज्या बायकूला सांग, म्हातारी अजून फाट्यावर गेली न्हाई. आता निघालीय."

आणि लेकाच्या मोटारसायकलवर मागं बसून ती फ्लेक्स बघायला निघाली.

तो फ्लेक्स केला होता तिच्या नातीनं. हनुमंताची पोरगी समीक्षा, पुण्याला तीन वर्षं राहून ग्राफिक डिझाईन का काय ते शिकली होती. पोरीला तिकडं ठेवताना भावकीतले म्हणालेच होते की चित्रं काढायला पुण्याला कशाला जायला पाहिजे, भिंती काय गावात नाहीत? म्हणून सरपंचपदाची जागा बायकांसाठी राखीव निघाली, हनुमंतानं आईला पुढं केलं आणि फ्लेक्सचा विषय निघाला, तेव्हा कस्तुराबाईनं साऱ्या बैठकीसमोर सांगितलं की फ्लेक्स माझी नात करील, आणि असा करील की तुम्ही बघत राहाल.

बघत तर सगळेच राहिले होते.

यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बैठकीत कुणीच तिला असं विचारलं नव्हतं की तुला सरपंच व्हायचंय का. हनुमंत म्हणाला होता, "आये, तू निस्तं उभी राहा, बाकी आमी बघतो." आधीच्या सरपंचबाईच्या वेळीही असंच होतं. सह्या बाईच्या, कारभार दिराचा. कस्तुराबाईला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. जिभेनं ती साऱ्या गावाला भारी होती, पण ग्रामपंचायतीच्या पायऱ्या काही तिनं कधी चढल्या नव्हत्या.

फाट्याच्या वळणावर तिचंच भाताचं खाचर होतं. त्याच्या बांधावर दोन बांबूंवर फ्लेक्स ताणला होता. गाडीवरून उतरून ती समोर उभी राहिली.

सगळा पांढरा. एका बाजूला तिचं तोंड, तेही काळंपांढरं. कपाळ वरून थोडं कापलेलं, एकेक सुरकुती खाचरातल्या भेगेसारखी दिसणारी, डोळे सरळ समोर. खाली ठसठशीत काळ्या अक्षरात 'कस्तुराबाई'. त्याच्या खाली इतक्या बारीक अक्षरात की गाडीवरच्या माणसाला दिसूच नये, 'सरपंचपदासाठी', आणि कोपऱ्यात निवडणुकीचं चिन्ह, एवढीशी कपबशी. बस. बाकी सगळी जागा मोकळी.

कस्तुराबाई दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर लावून वाचायला तिला वेळ लागायचा, पण बोर्ड बघून तिला कळायचं. वर कोण, खाली कोण, कुणाचं तोंड केवढं, यावरून गावात कुणाचं कुणाशी जमतं नि कुणाचं फाटलं हे ती जाता जाता सांगायची. ह्या बोर्डावरून मात्र तिला काहीच कळेना. आपलं तोंड बघून ती आधी दचकली. मग तिला वाटलं, ही आपली आई. मग वाटलं, आई तर इतकी रागीट नव्हती.

पप्पू आधीच येऊन उभा होता. पप्पू म्हणजे तिच्या चुलत दिराचा नातू, कामशेतच्या नाक्यावर त्याचं फ्लेक्सचं दुकान. आसपासच्या गावांतले वाढदिवस, शर्यतीचे बैल, बारशी, दहावे, सगळं त्याच्याच मशिनीतनं निघायचं. मागं कस्तुराबाई बचत गटाची अध्यक्ष झाली तेव्हा त्यानंच फ्लेक्स केला होता. तोंड तिचं, तेही चांगलं उजळ केलेलं, आणि धड भलत्याच बाईचं, भरजरी पैठणीतलं, हातात कोपरापर्यंत बांगड्या. "हे हात कुनाचं रं?" असं तिनं तेव्हा विचारलं होतं. पप्पू म्हणाला होता, "हात रेडीमेड असत्यात काकी."

"मी तर छापतानाच बोललो हुतो," पप्पू आता म्हणाला. "काळापांढरा फोटो आनि मोकळी जागा. दहाव्याचा बोर्ड असाच असतो. निस्ता हार आनि दिवा राहिलाय."

"आता तेच लावायला आलास असं सांगू नकोस," कस्तुराबाई म्हणाली. "पोरगी कुटाय?"

समीक्षा तळेगावला पत्रकं छापून आणायला गेली होती. ती स्कूटीवरून आली तेव्हा फाट्यावर पन्नासेक माणसं उभी होती. तिला आधी वाटलं, फ्लेक्स आवडला. मग तिनं बापाचं तोंड बघितलं.

"काय करून ठेवलंस हे?" हनुमंत तापला. "माजी आई मारलीस!"

"पप्पा, नीट वाचा ना, सरपंचपदासाठी लिहिलंय!"

"कुटं? भिंग आनू का?"

"आजी," समीक्षा आजीकडं वळली, "ऐक. शंभरेक वर्षांपूर्वी तिकडं युरोपातसुद्धा आपल्यासारखंच होतं. वेलबुट्टी, झालरी, एका कागदावर दहा तऱ्हेची अक्षरं. मग कारखाने आले, मोठं युद्ध झालं, आणि काही जण म्हणाले, ही सगळी नक्षी काढा. अक्षर साधं ठेवा, कागद मोकळा ठेवा, फोटो आहे तसा लावा. सांगायचं ते एकच सांगा, म्हणजे माणसाची नजर तिथंच जाते. स्वित्झर्लंडच्या लोकांनी तर मापं घालून त्याचे नियमच केले. स्टेशनवरच्या पाट्या, दवाखान्याच्या खुणा, मोबाईलमधली ती छोटी चित्रं, सगळं त्यातनंच आलंय."

कस्तुराबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिला राग यायला हवा होता, पण तिला खरंच काही कळेनासं झालं होतं.

"त्यांच्याकडं मेलेल्याचा बोर्ड कसा करत्यात?"

समीक्षा म्हणाली, "ते... बोर्ड लावत नाहीत बहुतेक."

"मग त्यांना काय कळायचंय," कस्तुराबाई म्हणाली.

माणसं हसली. पण ती हसली नाही. ती परत बोर्डाकडं बघत राहिली.

तिच्या लग्नाची पत्रिका तळेगावच्या छापखान्यातली होती. लाल शाई, शिशाची झिजकी अक्षरं, आणि वर गणपतीचा ठसा, जो त्या साली लागलेल्या प्रत्येक लग्नाच्या पत्रिकेवर तोच होता. सासऱ्यांचं नाव मोठं, दिरांची त्याखाली, तिचं नाव मधे कुठंतरी, 'चि. सौ. कां.' म्हणून. मग पेंटर आला. नीळ आणि काव घेऊन भिंती रंगवायचा, अक्षराला अशी सावली द्यायचा की बोट लावून बघावं, उचलून येतंय का. तिचा नवरा रखमाजी तेव्हा सोसायटीला उभा होता. त्याचं नाव त्यांच्याच घराच्या भिंतीवर अख्खा पावसाळा होतं, आणि ती त्याच भिंतीला गोवऱ्या थापायची. मग जाळीतून रंग ओढून छापलेली पत्रकं आली, भडक, हाताला रंग लागणारी. मग पप्पूचा कॉम्प्युटर. दर वेळी वाटायचं, झालं, आता ह्याच्या पुढं काय असणार! आणि दर वेळी पुढचा येऊन आधीच्याला जुनाट म्हणायचा. आता ही पोरगी येऊन म्हणते, सगळंच पुसा.

पण एक गोष्ट कधी पुसली नव्हती, ती तिला आत्ता दिसली. कागद असो, भिंत असो, फ्लेक्स असो, जिवंत माणूस त्यावर कधी एकटा नसायचा. वर नेते, खाली भावकी, बाजूला मित्रमंडळ, कोपऱ्यात बारकी पोरं गॉगल घालून. एकटा फोटो फक्त मेलेल्याचा.

"पप्पू," ती म्हणाली, "रंगीत फोटो असता नि एवढीच जागा मोकळी असती, तर कळलं असतं का मी जित्ती हाय?"

पप्पूनं डोकं खाजवलं. "रंगाचं सोडा काकी. एकटंच मानूस दिसलं की पब्लिक हातच जोडतं. जित्त्या मानसाचा बोर्ड कुनी मोकळा सोडतंय का? गिऱ्हाईक म्हनतं, फुटावर पैसं घेतोस ना, मग एवढी जागा वाया का घालवलीस. घाल आनखी चार मुंडकी."

"बास झालं," हनुमंत म्हणाला. "तो काढा खाली. पप्पूनं दुसरा आनलाय, तो लावा."

पप्पूच्या टेम्पोतून दुसरा फ्लेक्स आला. चार जणांनी धरून उलगडला. पिवळा, भगवा, जांभळा, मधे उगवता सूर्य. मोठा फोटो हनुमंताचा, पांढऱ्या शर्टात, फोन कानाला लावलेला. त्याच्या बाजूला भावकीतले, मंडळातले, दोन कंत्राटदार, शर्यतीचा एक बैलसुद्धा. उजव्या हाताला खाली कस्तुराबाई, पैठणीतली, रेडीमेड हात जोडून.

"हा कसा भरलेला वाटतो," मारुती म्हणाला. दोघातिघांनी माना हलवल्या. हौसाबाई पुढं आली, दोन्ही फ्लेक्स बघितले, पैठणीवाल्या बाईवर बोट ठेवून म्हणाली, "ही गोरी कोन?"

"आक्काच तुमची," पप्पू म्हणाला.

"आनि ही?" तिनं पांढऱ्याकडं हात केला.

"ती पन."

"मग मी रडले ते हिच्यासाटी," हौसाबाई म्हणाली. "त्या गोरीसाटी रिक्षाचं पैसं मी घातलं नसतं."

सगळे पुन्हा हसले आणि मग सगळे कस्तुराबाईकडं बघायला लागले. हनुमंत म्हणाला, "आये, सांग. काढू ना?"

असं तोंडावर कुणी तिला विचारायची ही पहिलीच वेळ. हो म्हटलं की झालं. संध्याकाळपर्यंत लोक सगळं विसरले असते आणि ती खाली कोपऱ्यात, चारचौघींसारखी, बरी राहिली असती. निवडूनही आली असती. पलीकडं पोरगी उभी होती, पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून. पोरगी चुकली होती यात कस्तुराबाईला शंका नव्हती. गाव कसं वाचतं ते पोरीनं विचारायलाच हवं होतं. पण तो सूर्यवाला फ्लेक्स तिला बघवत नव्हता, आणि का ते तिला सांगता येत नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"काय ऱ्हाऊ दे?"

"माजा. ऱ्हाऊ दे हितंच."

"आये, लोकं मेलीस म्हनत्यात!"

"मग मी हितं बसते. लोकांना दिसंल की जित्ती हाय. खुर्ची आन घरनं. आनि तो तुजा सूर्य आना हिकडं, उडवीवर टाकायला ताडपत्री लागतीच हाय. ए समे, ते बारीक अक्षर मोठं कर. आंधळ्याला दिसंल एवढं. चुकलीस ती चुकलीस."

"करते," समीक्षा म्हणाली. आणि जरा वेळानं, "आजी, रंगीत करू का?"

कस्तुराबाईनं पुन्हा एकदा बोर्डाकडं बघितलं. "न्हाई," ती शेवटी म्हणाली. "का ते इचारू नको. मला ठाऊक न्हाई."

त्या दिवसापासून ती रोज पेंढ्याचं काम उरकून फाट्यावर येऊन बसायची. प्लास्टिकची खुर्ची, पायाशी पाण्याची बाटली, डोक्यावर तिचंच तोंड. येणारे जाणारे थांबायचे. कुणी हसायचं, कुणी खाली बघून वर बघायचं, वर बघून खाली. लोणावळ्याकडं निघालेल्या पुण्याच्या पोरांनी तिच्याबरोबर फोटो काढला. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नाही. सारिका स्वतः एकदा येऊन पाया पडून गेली आणि म्हणाली, "काकी, माज्या बोर्डावर तर सतरा मुंडकी हाईत, माजं मलाच सापडत न्हाई." कस्तुराबाईनं तिला पदर नीट कर म्हणून सांगितलं.

हनुमंत दिवसातून दोनदा यायचा, बाजूला उभा राहायचा. त्याला ते पटलेलं नव्हतं. भावकीतल्या दोघांनी येणंच बंद केलं होतं. "आपली तोंडं न्हाईत तर आपन कशाला पळायचं," असं ते म्हणत होते. कस्तुराबाईला रात्री झोप लागायची नाही. हरली तर नातीच्या नावानं गाव शिमगा करील, एवढं तिला पक्कं कळत होतं. जिंकली तर काय, हे मात्र तिनं अजून मनात आणलं नव्हतं.

मतदानाला थोडे दिवस उरले असताना वरच्या वाडीचा आदिनाथ आला. हा कधी खाली उतरायचा नाही. वरची वाडी डोंगराच्या पोटाला, आणि तिथली मतं दर वेळी शेवटच्या रात्री कुठं जायची ती जायची. हनुमंत त्याला बघून लगबगीनं पुढं झाला. "या या, आदिनाथभाऊ! बोला, काय म्हनताय?"

आदिनाथनं त्याला बघून मान हलवली आणि त्याच्या बाजूनं पुढं येऊन खुर्चीसमोर उभा राहिला. वर बोर्डाकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं.

"मावशी, एकच इचारायचंय. टाकी आमच्या वाडीला बांधली, पन पानी चढत न्हाई. बाया अजून ओढ्यावर जात्यात. तुमी काय करनार?"

"ते मी सांगतो ना," हनुमंत मधे पडला. "आपला पाठपुरावा चालू हाय, वरनं निधी..."

"तुमाला न्हाई इचारलं भाऊ," आदिनाथ शांतपणे म्हणाला. "बोर्डावर ह्या एकट्याच हाईत. म्हनून ह्यांना इचारायला आलो."

कस्तुराबाईनं तोंड उघडलं. साठ वर्षं त्या तोंडाला शब्द कमी पडला नव्हता. सुनेला, लेकाला, भावकीला, बँकेच्या साहेबालासुद्धा तिनं उभं कापलं होतं. आणि आता एका साध्या प्रश्नाला तिच्याकडं काहीच नव्हतं. टाकी कुठल्या अंगाला आहे तेही तिला ठाऊक नव्हतं. पाणी का चढत नाही? पंप बारका आहे, का पाईप फुटलाय, का कुणी मधेच तोडून खाचराला घेतलंय? तिनं सवयीनं बाजूला बघितलं, कुणावर तरी ढकलावं म्हणून. वर बघितलं. बोर्डावर तिच्या बाजूला कुणीच नव्हतं, नुसतं पांढरं कापड.

ह्या पोरीनं आपल्याला केवढ्या मोकळ्या जागेत आणून उभं केलंय, हे तिला त्या क्षणी कळलं.

"मला ठाऊक न्हाई," ती म्हणाली.

हनुमंतानं कपाळाला हात लावला. आदिनाथ मात्र हलला नाही. बहुतेक त्याला असं उत्तर आजवर कुणी दिलं नसावं, त्यामुळं त्याचं काय करायचं हे त्यालाही कळेना.

"टाकीपोत्तर गाडी जाती का?" कस्तुराबाईनं विचारलं.

"न्हाई. निम्म्यातनं पायवाट हाय. चढ हाय, मावशी."

"चढ मला सांगतोस व्हय? हनमा, निम्म्यापर्यंत सोड मला."

"आये, आत्ता? उन्हाची?"

"बाया काय उन्हाच्या जात न्हाईत ओढ्यावर?"

ती उठली. पायात चपला सरकवल्या, पदर डोक्यावर घेतला, बाटली आदिनाथच्या हातात दिली. पंप म्हणजे नेमकं काय बघायचं असतं, कुठं हात लावायचा नसतो, कुणाला विचारायचं, सगळंच तिच्या डोक्यात गढूळ होतं. गाडीवर बसताना तिनं लेकाच्या खांद्याला धरलं आणि म्हणाली, "आनि वर गेल्यावर तू बोलायचं न्हाईस. मला आधी बघू दे."

हनुमंतानं गाडीला किक मारली.